आबांची ‘लढाईतली’ जीप

आमच्या घरात एक गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली जीप दुसऱ्या महायुद्धातली आहे. आबा, म्हणजे माझे आजोबा, हे इतक्या खात्रीनं सांगायचे की सातवीत असताना मी त्यावर पैज लावली होती. पुढे आबा गेले, गोठ्यातली जनावरं गेली, शेताचे प्लॉट पडले. जीप मात्र तिथंच राहिली, चारही टायर जमिनीला टेकवून.

नेरे हे मुळशी तालुक्यातलं हिंजवडीच्या पलीकडचं गाव. पूर्वी इथं भातखाचरं होती, आता सोसायट्यांच्या जाहिरातींचे फलक आहेत. मी आयटीवाला. आठवडाभर लॅपटॉप आणि शनिवार-रविवार हाताला ग्रीस, असं गेली दोन वर्षं चाललंय. शेडमध्ये एक चेन पुली बांधली, ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन घेतलं, आणि चिंचवडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना विनवून गुरू केलं. त्यांना सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणतो.

पहिल्याच दिवशी मामा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, “लढाईतली? कुणी सांगितलं तुला?”

मी म्हटलं, “आबांनी.”

“मग राहू दे,” म्हणाले आणि चहा प्यायला बसले.

त्यांनी सांगितलं नाही, म्हणून मी शोधायला लागलो.

महायुद्धातल्या जीपची जन्मकथा खरोखर थरारक आहे. जुलै १९४० मध्ये अमेरिकेच्या लष्करानं शंभरावर कंपन्यांना कळवलं, की आम्हाला हलकी, चारही चाकांना ताकद पुरवणारी गाडी हवी आहे, आणि नमुना ४९ दिवसांत हवा आहे. बँटम या छोट्या कंपनीनं तो सप्टेंबरमध्ये वेळेत नेऊन दिला. पण बँटमची उत्पादनाची ताकद कमी पडत होती, आणि विलिज कंपनीचं इंजिन जास्त दणकट होतं. शेवटी मोठी कामं विलिज आणि फोर्डला मिळाली. १९४५ पर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. ब्रह्मदेशच्या आघाडीमुळे त्यातल्या कितीतरी भारतात आल्या, आणि युद्ध संपल्यावर इथंच विकल्या गेल्या. म्हणजे आबांचं म्हणणं अशक्य कोटीतलं मुळीच नव्हतं.

पण गाडी वेगळंच सांगत होती. युद्धातल्या सगळ्या जीप डाव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या. आमचं स्टिअरिंग उजवीकडे. त्या जीपला मागे उघडणारा पत्रा नसतो, आमच्या जीपला आहे. त्या जीपमध्ये पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरची सीट उचलावी लागते, आमचं झाकण बाहेरून आहे. त्यांच्या जाळीला नऊ फटी, आमच्या जाळीला सात. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे बॉनेट. युद्धातल्या जीपचं नाक चपटं असतं, आमचीचं चांगलं वीतभर उंच आहे.

या उंचीचं कारण इंजिनात आहे. युद्धकाळातल्या इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर टाकणारे दोन्ही व्हॉल्व्ह खाली, ब्लॉकमध्ये असायचे. ‘हरिकेन’ नावाच्या नंतरच्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले. त्यामुळे ताकद वाढली, पण इंजिनही उंच झालं आणि बॉनेट बसेना. कंपनीनं सरळ बॉनेट उंच केलं. ही ‘सीजे-३बी’. अमेरिकेत ती १९५३ ते १९६८ पर्यंत बनली. भारतात त्याच चेहऱ्याच्या जीप त्यानंतरही अनेक वर्षं बनत राहिल्या. तुम्ही जुन्या हिंदी सिनेमात डाकूंच्या मागे धावणारी पोलिसांची उंच नाकाची जीप पाहिली असेल, तर तिचा चेहरा हाच.

या जीपच्या भारतातल्या कंपनीचीही एक कथा आहे. १९४५ मध्ये मुंबईत ‘महिंद्र अँड मोहम्मद’ नावाची कंपनी निघाली. जे. सी. आणि के. सी. महिंद्र हे दोघे भाऊ आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इथं १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. विलिजच्या जीपचे सुटे भाग जहाजानं यायचे आणि मुंबईत माझगावला जोडले जायचे. पुढे हळूहळू भागही इथंच बनायला लागले.

त्याच काळात जीप हा शब्द दिल्लीतही गाजत होता, वेगळ्या कारणानं. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी जीप तातडीनं हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी वापरलेल्या, दुरुस्त केलेल्या जीपचा सौदा केला. १५५ जीप आल्या, त्याही कामाच्या नव्हत्या. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा घोटाळा म्हणून त्याची नोंद झाली. जुनी जीप ‘नवीन’ करून देतो म्हणणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे. माझी दोन वर्षं पाहून घरचेही तोच विचारतात.

आमच्या आरसी बुकात उत्पादनाचं वर्ष लिहिलंय १९६६. आबांनी हे पान पाहिलं नसेल असं नाही.

मग मी स्वतःला समजावलं, की दुसरं महायुद्ध नसेल, पण लष्कराची तर असेल? आपल्या सैन्यानं हीच उंच नाकाची जीप वापरली. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानी रणगाडे फोडले, ते जीपवर बसवलेल्या तोफेनं. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं त्यांना. आणि देहूरोडचा लष्करी डेपो आमच्यापासून जवळच. तिथल्या लिलावात गाडी घेतली असेल, तर रंगाच्या तळाशी लष्करी हिरवा सापडायला हवा.

म्हणून रंग उतरवायला घेतला. सरळ ग्राइंडर न लावता पोलिश पेपरनं, पाणी मारत, थर सांभाळत. सगळ्यात वर मॅट काळा. हा माझ्या चुलतभावाचा प्रताप, २०१० मध्ये ‘थार’ आली त्यानंतरचा. त्याखाली आकाशी निळा. तो आबांचा, कारण आमच्या जुन्या कपाटाचा रंगही तोच आहे. त्याखाली पांढरा. आणि पांढऱ्याखाली थेट रेड ऑक्साइड, मग पत्रा. हिरव्याचा ठिपकासुद्धा नाही.

डाव्या बाजूच्या पत्र्यावर निळा निघाल्यावर पांढऱ्यावर काहीतरी लालसर दिसलं. अक्षरं होती. मी फोनचा टॉर्च तिरका धरला. ‘…यत समिती’.

पंचायत समिती.

त्या रात्री मला खरंच वाईट वाटलं. लढाईतली जीप म्हणून जिच्यावर पैज लावली, ती बीडीओची निघाली. दुसऱ्या दिवशी आजीला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, “मग? मला ठाऊक होतं की.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुझ्या आबांना बरं वाटायचं, म्हणून.”

आणि मग आजीनं जे सांगितलं, ते मला कुठल्याच युद्धाच्या गोष्टीत मिळालं नसतं. तिच्या माहेरी वर्षातून काही वेळाच गाडी यायची, ती म्हणजे जीप. लांबून धूळ दिसली की पोरं उसात पळायची, कारण जीपमधून देवीची लस टोचणारे उतरायचे. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला, त्याआधीच्या वर्षांतली ही गोष्ट. ७२ च्या दुष्काळात जीप आली की बाया उठून उभ्या राहायच्या, कारण साहेब खडी फोडण्याच्या कामाची हजेरी बघायला आलेला असायचा. आणि आणीबाणीत जीप दिसली की बाप्ये पळायचे. “तवा नसबंदीचं होतं ना,” आजी म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या १ मे १९६२ ला सुरू झाल्या. त्याआधी दहा वर्षं, २ ऑक्टोबर १९५२ पासून, देशात सामूहिक विकास योजना चालू होती. या सगळ्या कारभाराला गावापर्यंत पोचायला रस्ते नव्हते. ओढे होते, चिखल होता, घाट होते. मुळशीत तर पावसाळ्यात बैलगाडीही रुतायची. सरकार नावाची गोष्ट गावात आली ती चारही चाकांवर जोर देत. लस, हजेरीपट, निवडणुकीची मतपेटी आणि नसबंदीचं पथक, सगळं एकाच पत्र्याच्या डब्यातून. माझ्या पिढीला सरकार म्हणजे एक पोर्टल वाटतं. आजीच्या पिढीला ते धुळीचा लोट म्हणून दिसायचं.

आबांनी जीप घेतली १९८१ मध्ये, निर्लेखित सरकारी वाहनांच्या लिलावात. पेट्रोल पीत होती भरमसाट. १९७३ आणि १९७९ या दोन तेलसंकटांनंतर पेट्रोलच्या गाड्या पोसणं शेतकऱ्याला परवडणारं नव्हतं, आणि डिझेल स्वस्त होतं. त्यामुळे गावोगावच्या जीपचं पोट बदललं. आबांनी ‘हरिकेन’ काढून भंगारात दिलं आणि मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं. ही मॅटाडोर बनायची जवळच, आकुर्डीच्या बजाज टेम्पोमध्ये. आरसीवर बदलाची नोंदही करून घेतली. मग दूध, भाताची पोती, लग्नाची वऱ्हाडं, सगळं त्याच जीपनं वाहिलं.

ही शस्त्रक्रिया मला नटबोल्टांत सापडली. जीप मुळातली अमेरिकन, तिचे बोल्ट इंचातले. १३ चा पाना सैल होतो, १२ चा जात नाही, कारण बोल्ट अर्ध्या इंचाचा. तेरानं जोर लावला की बोल्टचे कोपरे झिजलेच. इंजिनाकडे गेलं की तोच तेराचा पाना नीट बसतो, कारण ते मिलिमीटरचं. देशानं मेट्रिक मापं स्वीकारली १९५६ च्या कायद्यानं, पण आमच्या जीपमध्ये दोन्ही काळ शेजारी शेजारी नांदतायत. मामांकडे म्हणून पान्यांचे दोन डबे आहेत. “गाडी कुणाची आहे ते पाना सांगतो,” असं ते म्हणतात.

आता खरा पेच. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी. ती मूळ रूपात जपलेली हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. मग २०,००० रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी मिळते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आमची जीप वयात बसते. पोटात बसत नाही.

चुलतभाऊ म्हणाला, जुनं ‘हरिकेन’ शोध, बसव, हिरवा रंग मार, बॉनेटवर पांढरा तारा काढ. गिऱ्हाईक त्याच्याकडे तयार होतं, आणि आकडा असा होता की माझा होमलोनचा हप्ता वर्षभर बंद झाला असता. मी महिनाभर खरोखर विचार केला. जुन्या बाजारात इंजिनाची चौकशीही केली.

पण मला एक गोष्ट खटकत राहिली. मूळ रूपात कुठली गाडी राहते? जी कमी वापरली जाते ती. संस्थानिकांच्या मोटारी तशा राहिल्या, कारण त्या झुलीखाली उभ्या होत्या. जी गाडी चिखलातून दूध नेते, तिचे पाटे तुटतात, क्रॉस झिजतात, इंजिन बदलतं. बदलली म्हणूनच ती टिकली. आबांनी डिझेल इंजिन टाकलं नसतं, तर ही जीप १९८५ मध्येच किलोवर गेली असती आणि मला घासायला एकही थर उरला नसता. नियम करणाऱ्यांचंही चूक नाही. कुठेतरी रेघ ओढावी लागतेच. फक्त त्या रेघेच्या आत कष्टकरी गाड्यांचा इतिहास फारसा मावत नाही.

हिरवा रंग मारणं म्हणजे तर आबांची थाप कायमची करणं. आबांनी ती का मारली, हे मला आता थोडं कळतं. लिलावात घेतलेली सरकारी जुनी गाडी म्हटलं तर कोण विचारतो? लढाईतली म्हटलं की गाव थांबतं. पण ती जीप ज्या लढाईत होती, ती देवीची होती आणि दुष्काळाची होती. आणि कधीकधी ती लोकांच्या विरुद्धही उभी होती, हेही लपवायचं नाही.

डिझेल इंजिन ठेवलं. हेड उघडून व्हॉल्व्ह बसवले, किंगपिन आणि बुश बदलले, पाटे परत वळवून घेतले, खालचा कुजलेला पत्रा कापून नवा जोडला. रंग पांढरा मारला. डाव्या बाजूचा तळहाताएवढा तुकडा तसाच ठेवला, वर नुसता लॅकरचा हात दिला. अक्षरं पुन्हा रंगवली नाहीत. सरकारी गाडी असल्याचं नाटकही नको. साध्या नंबरावर फिटनेस करून नोंदणी वाढवायची, एवढंच आता बाकी आहे.

गेल्या रविवारी अंगणात गाडी चालू केली. धूर बराच झाला, मामांनी कान लावून ऐकलं आणि मान हलवली. आवाजानं आजी काठी टेकत बाहेर आली. पांढरी जीप बघून दारातच थबकली.

“अगं बाई,” म्हणाली, “आता परत पोरं पळतील.”

मग मामांच्या हाताला धरून पुढच्या सीटवर चढली आणि म्हणाली, “चल, कासारसाईच्या धरणापर्यंत.”