स्मार्टवॉचच्या ईसीजीत ‘नॉर्मल’ आलं नाही? प्रत्येक निकालाचा अर्थ समजून घ्या

ईसीजी काढणारं घड्याळ आता बऱ्याच जणांच्या हातात दिसतं आणि मला त्याचे स्क्रीनशॉट सतत येतात: “हे काय दाखवतंय रे?” म्हणून इथे सगळे निकाल एकत्र लिहितोय.

घड्याळ नक्की काय मोजतं?

हृदयाचा ठोका विजेच्या बारीक लहरीमुळे पडतो. घड्याळ एका मनगटाला टेकलेलं असतं, दुसऱ्या हाताचं बोट तुम्ही त्याच्या बटणावर ठेवता. या दोन हातांमधला विजेचा फरक ३० सेकंद नोंदवला जातो. म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने पाहिलं जातं. हॉस्पिटलमध्ये १० इलेक्ट्रोड लावून १२ बाजूंनी पाहतात.

निकालांचा अर्थ

सायनस ऱ्हिदम: ठोके नेहमीच्या लयीत आहेत.

एट्रियल फिब्रिलेशन (एफिब): हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात, त्यामुळे दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं राहत नाही. आत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली, तर स्ट्रोक येऊ शकतो. एका नोंदीवरून निदान होत नाही, पण डॉक्टरांना दाखवाच.

लो किंवा हाय हार्ट रेट: नियमित व्यायाम करणाऱ्यांचे ठोके आरामात असताना कमी असू शकतात. जिना चढल्यावर, तापात, कॉफीनंतर किंवा टेन्शनमध्ये ते वाढतात. शांत बसूनही वाढलेलेच राहिले, तर तपासून घ्या.

इनकन्क्लुझिव्ह: याचा अर्थ ‘हृदयात बिघाड’ असा नाही. घड्याळाला ठरवता आलं नाही, एवढंच. पण वारंवार येत असेल तर डॉक्टरांना विचारा.

पुअर रेकॉर्डिंग: हात हलला, पट्टा सैल होता किंवा त्वचा ओली होती.

पुन्हा कसा काढायचा?

पाच मिनिटं शांत बसा. हात कोरडे करून टेबलावर टेकवा, पट्टा नीट आवळा, बोलू नका. घड्याळ ज्या मनगटावर आहे, सेटिंगमध्येही तेच निवडलंय ना, बघा.

सगळ्यात महत्त्वाचं

हे घड्याळ हार्ट अटॅक ओळखत नाही! छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणं, दरदरून घाम, बेशुद्ध पडणं यापैकी काही होत असेल, तर स्क्रीनवर ‘सायनस ऱ्हिदम’ दिसला तरी ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून थांबू नका. महाराष्ट्रात १०८ वर फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा.

डॉक्टरांकडे जाताना

ॲपमधून नोंदीची पीडीएफ काढून घ्या. तेव्हा तुम्ही काय करत होता, धडधड किंवा चक्कर जाणवली का, किती वेळ टिकली, हेही लिहून न्या. धडधड थोड्या वेळाने थांबली की हॉस्पिटलच्या ईसीजीत काहीच सापडत नाही, असं खूपदा होतं. त्या क्षणाची नोंद तुमच्या मनगटावर असते, आणि डॉक्टरांना तिचाच खरा उपयोग होतो.