स्पीकर दुकानातले, आवाज खोलीचा

दुकानातल्या गालिचा अंथरलेल्या दालनात ऐकून पसंत केलेला स्पीकरचा जोड घरी लावला, की बरेचदा भ्रमनिरास होतो. तबला घुमू लागतो, गायकाचे शब्द एकमेकांत मिसळतात, तानपुरा एका खुर्चीत दणदणतो आणि दुसऱ्या खुर्चीत जवळजवळ नाहीसा होतो. दोष अर्थातच यंत्राला दिला जातो. मग अॅम्प्लिफायर बदलला जातो, महागडी केबल येते आणि शेवटी स्पीकरच कमी किमतीत विकून टाकले जातात. प्रत्यक्षात कानापर्यंत पोहोचणारा आवाज स्पीकर आणि खोली या दोघांनी मिळून घडवलेला असतो. घरगुती आकाराच्या खोलीत साधारण २०० हर्ट्झच्या खालच्या पट्टीत तर खोलीचेच राज्य चालते.

या शास्त्राचा पाया अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात घातला गेला. तेथील फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे समजेना, म्हणून १८९५ मध्ये वॉलेस क्लेमंट सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे ते काम सोपवण्यात आले. रात्रीच्या शांततेत ऑर्गनची नळी वाजवायची आणि ती थांबल्यावर आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा, असा त्यांचा क्रम होता. रिकाम्या सभागृहात हा वेळ साडेपाच सेकंदांच्या आसपास भरला. शेजारच्या सँडर्स थिएटरमधील आसनांच्या गाद्या आणून मांडल्या, की तो कमी होई. यातूनच निनादकालाचे सूत्र निघाले : खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन त्याला ०.१६१ ने गुणायचे आणि खोलीतील एकूण ध्वनिशोषणाने भागायचे. शोषणाचे माप म्हणून सॅबिन यांनी उघडी खिडकी घेतली, कारण तिच्यातून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. १९०० मध्ये खुल्या झालेल्या बोस्टनच्या सिम्फनी हॉलच्या रचनेत त्यांच्या या गणिताचा उपयोग झाला.

हेच गणित १६ फूट लांब, १२ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच दिवाणखान्याला लावून पाहता येते. घनफळ सुमारे ५२ घनमीटर, तर भिंती, छत आणि जमीन मिळून पृष्ठभाग सुमारे ८५ चौरस मीटर. सिमेंटचा गिलावा, गुळगुळीत फरशी आणि काच हे पदार्थ आवाज फारच थोडा शोषतात. सरासरी ४ टक्के शोषण धरले, तर रिकाम्या खोलीचा निनादकाल जवळपास अडीच सेकंद येतो. संगीत ऐकण्याच्या घरगुती खोलीत तो ०.३ ते ०.६ सेकंदांच्या दरम्यान असावा, असे सामान्यतः मानले जाते. अर्ध्या सेकंदावर यायचे, तर सुमारे १७ चौरस मीटर उघड्या खिडकीइतके शोषण हवे. सोफा, जाड पडदे, गाद्या आणि बसलेली माणसे त्यातला बराच वाटा उचलतात. मात्र ही सामग्री प्रामुख्याने मध्य आणि तार स्वर शोषते. म्हणूनच नुसता गालिचा अंथरल्यावर वरच्या स्वरांची चमक उतरते आणि खर्ज पूर्वीइतकाच घुमत राहतो.

खर्जाची गोष्ट निराळी आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमधले अंतर एखाद्या स्वराच्या अर्ध्या तरंगलांबीइतके किंवा तिच्या पूर्ण पटीत असले, की त्या दोन भिंतींमध्ये स्थिर तरंग तयार होतो. काही जागी तो स्वर फुगतो, तर काही जागी विरतो. १६ फुटांच्या लांबीत असा पहिला स्वर ३५ हर्ट्झचा आणि दुसरा ७० हर्ट्झचा. आता काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३८ हर्ट्झवर असतो. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर येते. डग्ग्याचे घुमणेही याच परिसरातले. त्यामुळे या खोलीत मागच्या भिंतीला टेकून किंवा बरोबर मध्यभागी बसणाऱ्याला खर्जाच्या तारेचा मूळ स्वर अवाजवी मोठा ऐकू येतो, तर भिंतीपासून चार फुटांवर बसणाऱ्याला तो जेमतेम लागतो. तबकडी तीच, स्पीकरही तेच.

आपल्याकडे सोफा बहुधा भिंतीलाच लावलेला असतो आणि सर्वच स्थिर तरंगांचा दाब भिंतीजवळ सर्वाधिक असतो. या उदाहरणातल्या खोलीत मागील भिंतीपासून सहा फुटांवर बसले, तर पहिल्या दोन तरंगांचा ना कळस वाट्याला येतो ना तळ. एवढी जागा प्रत्येक घरात मिळत नाही, हे खरे. पण सोफा हात-दोन हात पुढे ओढल्यानेही फरक पडतो आणि त्याला पैसा लागत नाही.

स्पीकर कोपऱ्यात ठेवण्याची सवयही अशीच महागात पडते. दोन भिंती आणि जमीन अशा तीन पृष्ठभागांच्या सान्निध्यात खर्ज तिहेरी बळावतो. छोट्या स्पीकरला त्याचा थोडा आधार होतो, मोठ्याचा मात्र गोंगाट होतो. स्पीकर भिंतीपासून दूर नेण्यालाही किंमत आहे. मागची भिंत एक मीटरवर असेल, तर तिच्यावरून परतलेला आवाज ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाच्या विरोधात जातो आणि तेथे खड्डा पडतो. म्हणून एका वेळी वीत-दीड वीत सरकवून ऐकत जाणे, हाच मार्ग उरतो.

बाजूच्या भिंतींवरून येणारी परावर्तने काही सहस्रांश सेकंदांनी उशिरा पोहोचतात. एवढ्या अल्प अंतराने आलेले आवाज कान वेगळे ऐकत नाही आणि दिशा आधी आलेल्या आवाजावरून ठरवतो, हे हेल्मुट हास यांनी १९४९ मधील आपल्या प्रबंधात तपशीलवार तपासले होते. ही परावर्तने शोषून टाकावीत की राहू द्यावीत, यावर जाणकारांत मतभेद आहेत. ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल यांच्या मते चांगल्या स्पीकरच्या बाबतीत ती अनेक श्रोत्यांना आवडतात, कारण त्यांनी आवाजाला पैस मिळतो. आपल्या घरांतली खरी अडचण असमतोलाची आहे. एका स्पीकरशेजारी भिंत आणि दुसऱ्याशेजारी स्वयंपाकघराकडे जाणारी मोकळी वाट असेल, तर गायक मधोमध न बसता एका अंगाला झुकतो. त्या एका भिंतीवर पडदा सोडणे अशा वेळी उपयोगी ठरते.

अंड्यांचे ट्रे किंवा इंचभर जाडीचा फोम भिंतीला चिकटवण्याचा सल्ला मात्र सोडून द्यावा. ७० हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ पाच मीटर. असल्या पातळ थराची तिला दादही नसते. कोपऱ्यात उभी केलेली कापसाची जाड गादी त्यापेक्षा बरी. हल्ली अॅम्प्लिफायरमध्ये मायक्रोफोनने खोली मोजून आवाज सुधारण्याची सोय असते. फुगलेला स्वर ती बऱ्यापैकी दाबते. विरलेला स्वर भरून काढणे तिला साधत नाही, कारण जितका जोर द्यावा तितकेच भिंतीवरून परत येणारे तरंग त्याला खोडतात आणि अॅम्प्लिफायरवर विनाकारण भार पडतो.

यातले काहीही केले तरी शेजाऱ्यांना होणारा त्रास कमी होत नाही. खोलीतला निनाद आटोक्यात आणणे आणि भिंतीपलीकडे जाणारा आवाज अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्यासाठी वजनदार आणि फटी नसलेले बांधकाम लागते.