सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर, द

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानमालिकेच्या पहिल्या पर्वातील २८ वा भाग. प्रथम प्रक्षेपण ६ एप्रिल १९६७, एनबीसी वाहिनी. लेखक हार्लन एलिसन, दिग्दर्शक जोसेफ पेव्हनी. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागत असे आणि कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक ही नावे मराठी घरांतल्या मुलांच्याही तोंडी होती.

औषधाची भलतीच मात्रा टोचली गेल्याने भ्रमिष्ट झालेला यानावरचा डॉ. मकॉय एका कालद्वारातून भूतकाळात उडी घेतो आणि त्यासरशी ‘एंटरप्राइज’ यानच नाहीसे होते. त्याच्या मागावर कर्क आणि स्पॉक १९३० च्या, महामंदीतल्या न्यूयॉर्कमध्ये पोचतात. तिथे बेकारांसाठी अन्नछत्र चालवणाऱ्या एडिथ कीलरवर (जोन कॉलिन्स) कर्कचा जीव जडतो. ती जगली तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल आणि अणुबॉम्ब आधी हिटलरच्या हाती पडेल, हा उलगडा स्पॉकला होतो. म्हणजे इतिहास सावरायचा तर तिला मरू देणे भाग असते.

एलिसन यांच्या संहितेवर इतरांनी बराच हात फिरवला, आणि त्याचा राग त्यांनी आयुष्यभर धरला. त्यांच्या मूळ संहितेला रायटर्स गिल्डचा पुरस्कार मिळाला, तर प्रक्षेपित भागाला १९६८ चा ह्युगो. मूळ संहितेत ऐन वेळी कर्कचे पाऊल उचलत नाही. जे करायचे ते स्पॉक करतो. पडद्यावर मात्र एडिथ रस्ता ओलांडताना ट्रक येतो, मकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्कच त्याला मिठीत आवळून धरतो. ब्रेकचा कर्कश आवाज, किंकाळी, कर्कचा पिळवटलेला चेहरा. एवढा एक बदल मुळापेक्षा निःसंशय सरस आहे.

मराठी वाचकाला इथे जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवावी. तिथेही ट्रकच. त्याची धडक बसून गंगाधरपंत अशा जगात जातात जिथे विश्वासरावांना गोळी लागलेली नाही आणि पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. पुण्याहून ते रेल्वेने मुंबई गाठतात; पण ही मुंबई अजून इंग्रजांची. इतिहासाला फाटा कसा फुटतो याची तर्कशुद्ध उकल नारळीकर अधिक नेटकी करतात. मात्र गंगाधरपंत तो फाटा पाहून परततात, त्यांना कुणाचा बळी द्यावा लागत नाही. कर्कला द्यावा लागतो, आणि आपण कुणाला गमावले हे त्याच्या यानावरच्या जवळजवळ कुणालाच कळणार नसते.