घोटीव कागदाचा बदाम : नाताळच्या हस्तकलेमागचा इतिहास

डिसेंबर लागला की सोसायटीत, शाळेत, ऑफिसच्या फॅमिली डेला नाताळची पार्टी ठरते आणि कुणीतरी विचारतंच, "वीस-पंचवीस मुलं आहेत, त्यांच्याकडून सोपं काय करून घेता येईल?" उत्तर मी देणारच आहे. पण त्याआधी मला या "सोपं" शब्दाबद्दल बोलायचंय. कारण मुलांच्या हाताला झेपेल असं काहीतरी करायला देणं ही एकेकाळी गंभीर कल्पना होती. इतकी गंभीर, की एका सरकारला तिची भीती वाटली.

सुरुवात करूया जर्मनीपासून. फ्रीडरिश फ्रेबेल, जन्म १७८२. थुरिंजियातल्या बाद ब्लांकेनबुर्ग या गावी त्याने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला नाव दिलं 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग. आपला 'बालवाडी' शब्द बघा. नारळ-पोफळीची वाडी म्हणतो ना आपण? तीच ही वाडी.

फ्रेबेलचं म्हणणं असं, की मूल ऐकून जेवढं शिकतं त्याहून जास्त करून शिकतं. म्हणून त्याने मुलांना लाकडी ठोकळे दिले आणि हाताची कामं ठरवून दिली : कागद दुमडणं, कापणं, टोचणं, मातीकाम, आणि कागदाच्या पट्ट्या विणणं. तुम्ही शाळेत रंगीत पट्ट्या एकीआड एक घालून कागदाची चटई केली असेल, तर ती याच परंपरेतली. तुमच्या बाईंनी त्याचं नाव घेतलं नसेल, एवढंच.

आता गंमत ऐका. ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली! आरोप काय, तर यातून समाजवाद आणि नास्तिकता पसरते. फ्रेबेलच्या पुतण्याचं, कार्लचं, एक पुस्तक निघालं होतं आणि मंत्रालयाने दोघांची गल्लत केली. पण मला वाटतं, केवळ गल्लतीने बंदी नऊ वर्षं टिकत नाही. मूल स्वतःच्या हाताने काही घडवतं, ते पूर्ण करतं आणि "हे मी केलं" म्हणतं, हे हुकूम पाळायला शिकवणाऱ्या व्यवस्थेला रुचणारं नव्हतंच. १८५२ मध्ये फ्रेबेल गेला. बंदी उठली १८६० मध्ये. ती उठलेली त्याने पाहिली नाही.

नेमक्या त्याच १८६० सालातली एक वस्तू डेन्मार्कमध्ये आहे. परीकथा लिहिणारे हान्स क्रिस्तियान अँडरसन कात्रीने कागद कापण्यात पटाईत होते. त्यांनी विणलेला कागदाचा एक बदाम ओडेन्सला जपून ठेवलाय. १८७१ मध्ये असा बदाम कसा करायचा याची कृती डेन्मार्कच्या एका नियतकालिकात छापून आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या बालवाड्यांनी तो उचलला, कारण बोटांना वळण लावायला याहून स्वस्त साधन नव्हतं. हळूहळू लाल-पांढरा बदाम नाताळच्या झाडावर लटकू लागला. आज तिथे तो घरोघरी करतात.

आपल्याकडचा एक धागाही सांगतो. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हा फिलाडेल्फियात त्यांनी किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला. परत येऊन मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. विधवांच्या शिक्षणासाठी झगडणाऱ्या बाईला बालवाडीत एवढा रस का? कारण शिकवण्याचं काम हाती आलं तर बाईला स्वतःच्या पायावर उभं राहता येईल, हे त्यांनी ओळखलं होतं.

तर आता करूया बदाम. दुकानात घोटीव कागद मिळतो, तोच घ्या. लाल आणि पांढरा, प्रत्येकी एक पट्टी, ६ सेंमी रुंद आणि १८ सेंमी लांब. दोन्ही मधोमध दुमडा. सुटं टोक कात्रीने गोल करा. घडीच्या बाजूने सारख्या अंतरावर दोन काप घ्या, प्रत्येकी साडेसहा सेंमी. म्हणजे तीन-तीन दुहेरी पट्ट्या झाल्या. आता दोन्ही घड्या एकमेकींना काटकोनात धरा. लाल पट्टी पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या पोटातून न्या, दुसरी पांढरी या लाल पट्टीच्या पोटातून, आणि तिसरीच्या वेळी पुन्हा पहिल्यासारखं. पुढच्या लाल पट्टीला सगळं उलट. तिसरी पहिलीसारखी. झालं! बदाम वरून उघडतो, त्याची पिशवी होते. कागदाचा बंद लावा, आत चार शेंगदाणे, दोन गोळ्या टाका.

सात-आठ वर्षांच्या मुलांना हे जमतं. त्याहून लहानांना पट्ट्यांची साखळी करायला द्या. एकेकाने पाच कड्या जोडायच्या, मग सगळ्यांच्या एकत्र. बघता बघता खोलीभर साखळी होते आणि तिच्यात आपली कडी कुठली, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. काप मात्र मोठ्यांनी आधीच मारून ठेवा, नाहीतर निम्मी पार्टी कात्रीची वाट बघण्यात जाईल.

एक विनंती. मुलाचा बदाम वाकडा झाला, तर तो सरळ करायला हात पुढे करू नका. हल्ली तयार किट मिळतात, त्यात मुलाला फक्त स्टिकर चिकटवायचा असतो. फोटो सुंदर येतो, पण "हे मी केलं" म्हणायला त्यात काही उरत नाही. फ्रेबेलने आयुष्य घालवलं ते या तीन शब्दांसाठी.

केलेत बदाम, तर फोटो नक्की पाठवा. वाकडे असतील तर आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात.