टेन्शन आणि आपलं शरीर : काही गैरसमज

छातीत धडधडलं, पोट बिघडलं, झोप उडाली, की आपल्या तोंडी एकच शब्द येतो : टेन्शन. शब्द सोयीचा आहे, पण त्याच्या आड कधी कधी खरा आजार लपून राहतो. मी नर्सिंगमधून निवृत्त झाले, तरी ओळखीचे लोक हेच प्रश्न विचारतात. म्हणून इथे क्रमाने लिहिते.

शरीरात काय होते?
सायरन वाजला की मेंदू हुकूम सोडतो. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या लहान ग्रंथी अॅड्रिनलिन रक्तात सोडतात. हृदय जोरात चालते, श्वास वाढतो, रक्तात साखर येते. कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक सावकाश येते आणि साधारण वीस-तीस मिनिटांनी सर्वांत जास्त होते. म्हणून सायरन थांबला तरी आपण लगेच शांत होत नाही. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

गैरसमज १ : ताण नेहमी वाईटच.
नाही. थोड्या वेळाचा ताण आपल्याला वाचवतो. कॉर्टिसॉल तर रोज पहाटे आपोआप वाढते, त्याशिवाय अंगात उठायची ताकद येत नाही. त्रास होतो तो महिनोन् महिने न उतरणाऱ्या ताणाचा.

गैरसमज २ : हा नुसता मनाचा खेळ.
डायबेटिस असलेल्यांनी काळजीच्या दिवसांत साखर तपासून पाहावी, पथ्य पाळूनही ती वाढलेली दिसते. मोठ्या धक्क्याने हृदयाचा स्नायू काही काळ दुबळा होतो, असाही एक आजार आहे. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी त्याला 'ताकोत्सुबो' नाव दिले. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडायचे मडके, कारण हृदयाचा आकार तसा दिसतो. हा आजार बहुतेक करून पाळी गेलेल्या बायकांना होतो.

गैरसमज ३ : काळजीने पोटात अल्सर होतो.
पूर्वी सगळे असेच मानत. पण ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवले की अल्सरमागे बहुधा हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू असतो. त्याबद्दल त्यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. दुसरे मोठे कारण म्हणजे अॅस्पिरिन आणि अंगदुखीच्या काही गोळ्या. काळजीने दुखणे वाढू शकते, पण उपचार जंतूवर करावा लागतो.

गैरसमज ४ : ब्लड प्रेशर वाढलं की आपल्याला कळतंच.
बहुतेक वेळा काहीच कळत नाही. मोजल्याशिवाय इलाज नाही. उलट, काहींचे प्रेशर दवाखान्यात गेल्यावरच चढते. म्हणून घरी पाच मिनिटे शांत बसून मोजावे आणि लिहून ठेवावे. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नये.

गैरसमज ५ : एक गोळी, नाहीतर एक घोट, की काम झालं.
दारूने डोळा लागतो, पण मध्यरात्री झोप मोडते. झोपेच्या गोळीने आपल्या वयात तोल जातो, आणि पडलो की कमरेचे हाड मोडते. दोन्ही एकत्र तर कधीच नको. त्यापेक्षा श्वास हळू घ्या आणि त्याहून हळू सोडा, पाच मिनिटे. रोज थोडे चाला, शेजारणीशी दोन शब्द बोला.

गैरसमज ६ : छातीत भरून आलंय, टेन्शनच असेल.
हा सगळ्यांत धोक्याचा. बायकांना आणि डायबेटिसवाल्यांना हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येईलच असे नाही. दम लागणे, घाम सुटणे, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणे, एवढेच असू शकते. अशा वेळी मुलगा कामावरून येईपर्यंत थांबू नका, १०१ ला फोन करा.

इथे भाषेचाही घोटाळा होतो. हिब्रूत 'लाखात्स' म्हणजे मनाचा ताण आणि दाबही. 'लाखात्स दाम' म्हणजे ब्लड प्रेशर. नुसते 'लाखात्स' म्हटले तर डॉक्टर काळजीची गोष्ट समजतील. छाती दाबल्यासारखी वाटत असेल तर छातीवर हात ठेवून 'लाखात्स बा-खाझे' म्हणा. कधीपासून होतंय आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे चिठ्ठीवर लिहून कुपात होलिमला जाताना जवळ ठेवा. टेन्शन आहे की आणखी काही, हे तपासणीनंतर डॉक्टरांना ठरवू द्या.