बसून राहा, आजी!

यंदाच्या दिवाळीत मामांनी आईला रंगेहाथ पकडलं. सकाळचे सात वाजले होते, फराळाची ताटं अजून मांडायची होती, आणि आमची ७२ वर्षांची आई भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न टेकता उठत होती, बसत होती, पुन्हा उठत होती. दहा वेळा! "ताई, या वयात हे काय नवीन खूळ? गुडघे झिजतील. गप बसून राहा!" मामी, मावशी, सगळ्यांनीच री ओढली. आई बिचारी ओशाळून हसली आणि चकल्यांचा डबा काढायला आत गेली.

मामांशी तोंडी वाद घालून मी आजवर कधी जिंकलेलो नाही. म्हणून हे लिहून काढतोय. मामा वाचतीलच.

"बसून राहा" हे आमच्या घरात मी आधीही ऐकलंय. आजीला म्हटलेलं. पंचाहत्तरीपर्यंत आजी पाणी भरायची, जमिनीवर बसून भाकऱ्या थापायची, फडताळातले वरचे डबे स्वतः काढायची. मग पंचाहत्तरी झाली आणि आम्ही प्रेमानं तिच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं. पुढे एकदा ताप आला. ताप पाच दिवसांत उतरला, पण "अशक्तपणा आहे, पडून राहा" म्हणत आम्ही तिला तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं. उठली तेव्हा धरल्याशिवाय न्हाणीघरापर्यंतही जाता येईना. आम्ही काय म्हणालो? "वय झालं." त्यानंतर ती नीट अशी चाललीच नाही.

हा समज काही आपल्या घरचा नाही, तो फार जुना आहे. साधारण सातव्या शतकातल्या वाग्भटानं 'अष्टांगहृदया'त व्यायामाचे गुण सांगितले, पण तो करू नये अशांच्या यादीत लहान मुलांबरोबर म्हाताऱ्यांनाही बसवलं. मात्र तोच वाग्भट धडधाकट माणसालाही अर्ध्या ताकदीनंच व्यायाम करायला सांगतो, आणि अति करणाऱ्याची गत हत्तीला ओढायला गेलेल्या सिंहासारखी होते म्हणतो. त्याची भीती अतिरेकाची होती. आपण अतिरेक विसरलो आणि म्हाताऱ्यांना बसवून ठेवणं तेवढं लक्षात ठेवलं.

पश्चिमेतही वेगळं नव्हतं. १९२८ साली अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी मांडलं, की जीव जितक्या वेगानं जगेल तितक्या लवकर संपेल. म्हणजे शरीर हे मोजक्या तेलाचा दिवा, वात जपून वर करा! हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला तर तेव्हा चार-सहा आठवडे पलंगावरून उठू देत नसत. १९५२ साली बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी अशा रुग्णांना लवकर उचलून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. नुसतं खुर्चीत बसवणं हीसुद्धा त्या काळी बंडखोरीच होती.

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, लंडनचे डॉक्टर जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली. नोकरी एकाच बसवरची, पण एक दिवसभर बसलेला आणि दुसरा दिवसभर जिने चढणारा. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर उशिरा. हे मॉरिस स्वतः नव्वदी ओलांडल्यावरही व्यायाम करत होते. २००९ मध्ये गेले, ९९ व्या वर्षी.

पण मला खरा धक्का बसला तो डॅलसच्या प्रयोगानं. १९६६ साली तिथे विशीतल्या पाच धडधाकट मुलांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरी पाव हिश्श्याहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं. पन्नाशीला आलेल्या त्या माणसांची तीस वर्षांत झालेली घट त्या तीन आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमी भरली! शिवाय सहा महिने बेताबेतानं व्यायाम केल्यावर ते पुन्हा १९६६ च्या सुरुवातीच्या पातळीवर आले.

तीन आठवडे. आजीचेही तीनच होते. आणि ती विशीची नव्हती.

म्हणजे ज्याला आपण "वय झालं" म्हणतो, त्यात वयाचा वाटा किती आणि अंथरुणाचा किती?

"पण नव्वदीत काय उपयोग?" मामा विचारतील. १९९० साली बॉस्टनच्या डॉक्टर मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त रहिवाशांकडून पायांनी वजनं उचलून घेतली. वयं ८६ ते ९६. आठ आठवडे. एकानं मध्येच सोडलं, उरलेल्या नऊजणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. मात्र व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत जवळपास तिसरा हिस्सा ताकद गेलीही. म्हणजे हे काही एकदाच काढून ठेवायचं औषध नव्हे, रोजच्या जेवणासारखं आहे.

राहता राहिले गुडघे. गुडघा म्हणजे स्कूटरचा टायर नव्हे. त्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आतबाहेर व्हायला हालचालच लागते.

आता आमच्या काकांसाठी दोन ओळी, कारण त्यांचा गैरसमज उलटा आहे. दहा हजार पावलं झाली नाहीत तर दिवस फुकट! रात्री साडेदहाला ते गच्चीवर फेऱ्या मारतात. काका, तो आकडा कुठल्या डॉक्टरानं दिलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' अशा अर्थाचं होतं. २०१९ साली सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास छापून आला. त्यात रोज २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांतसुद्धा मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक उरला नाही. तेव्हा रात्री झोपा! आणि नुसतं चालून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे, की पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत. न पडण्यासाठी.

अर्थात छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. आईनंही विचारलं होतं. सुरुवात तीनपासून केली, तीही खुर्चीच्या हातांना धरून.

मामा, आजीचा दोष तुम्हाला देत नाही. तिला पाण्याचा तांब्या उचलू न देणाऱ्यांत मीही होतोच. आपण तिच्यावर मायाच करत होतो. फक्त पुढच्या दिवाळीत आई खुर्चीतून उठत असेल तेव्हा तिला बसून राहा म्हणू नका. जमलं तर शेजारी दुसरी खुर्ची ओढा. तुमचीही अडुसष्टी झालीये.