क्लचची थरथर : निदान

मॅन्युअल गिअरच्या मोटारगाडीत पेडल सोडताना, क्लच पकड घेत असता गाडीला जाणवणारे कंपन. जागेवरून निघताना, पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ते सर्वाधिक जाणवते आणि पकड पूर्ण होताच थांबते.

कारणे : फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यात दाबली जाताना क्लच प्लेट काही क्षण घसरते. घसरणीचा वेग घटताना घर्षण वाढत गेले किंवा दाब असमान पडला, तर प्लेट आळीपाळीने धरते व सुटते. ऑइल सीलमधून गळून प्लेटवर आलेले तेल, अतितापाने फ्लायव्हीलवर पडलेले निळसर डाग, वाकलेली प्लेट, डायफ्रॅम स्प्रिंगची असमान बोटे आणि फाटलेले इंजिन माउंटिंग ही त्यामागची प्रमुख कारणे होत.

निदान : सपाट रस्त्यावर पेडल हळूहळू सोडून चाचणी घेतात. क्लच पूर्ण जोडला गेल्यावरही कंपन टिकल्यास दोष अन्यत्र शोधावा. इंजिनाचा वेग वाढूनही गाडी वेग घेत नसेल, तर क्लच घसरत आहे असे समजावे. दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीची थरथर पृष्ठभागावरील पातळ गंजामुळे असू शकते. ती थोड्या वापराने जाते. गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी माउंटिंग तपासावे, कारण ते काम कमी खर्चाचे असते.

उपाय : तेलाने माखलेली प्लेट बदलण्याआधी गळके सील बदलणे आवश्यक असते, अन्यथा नवी प्लेटही खराब होते.